इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लग स्वतःच बदलतोय, एका बोल्टने अडवलंय

मंडळी, सहा सिलिंडरच्या बॉक्सर (समोरासमोर आडवे सिलिंडर असलेल्या) इंजिनाची स्पोर्ट्स कार आहे. चढावर जोर दिला की झटके देते. स्कॅनरवर पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर (तिथं इंधन नीट पेटत नाही). तिथली कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) पाचव्याला लावली तर कोड पी०३०५ झाला, म्हणजे कॉइलच गेलीय. प्लास्टिकला बारीक तडेही दिसतात. हात पोचवायलाच एवढी उघडझाप करावी लागते, की सहाही कॉइल आणि प्लग एकदमच बदलणार.

पण एक्झॉस्टजवळच्या कॉइलचा बोल्ट गंजलाय, ॲलन की घसरतेय. खाच आणखी न झिजवता तो कसा सोडवू? आणि प्लग बसतात ते सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, नवे प्लग निकेल प्लेटिंगचे. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावायचं की कोरडेच बसवायचे? लावलं तर टॉर्क (आवळायचा जोर) किती कमी धरायचा?