जिवंत सोडलं तरी जन्मठेप, मारलं तरी जन्मठेप. मग तो सोडेल कशाला?

कडुनिंब :
परवा जेवताना माझं आणि मेव्हण्याचं असं वाजलं की वरण गार झालं तरी दोघंही थांबेनात, म्हणून म्हटलं इथेच धागा काढावा. विषय असा की कुणाचं पोर पळवलं आणि ते पोर मेलं, तर कायदा नेमकं काय करतो. मेव्हणा म्हणतो, काय करतो म्हणजे, लटकवतो. तसं सरसकट नाहीये. आणि जिथे कडक शिक्षा आहे तिथे उलटाच घोळ आहे असं माझं मत.

खंडणीसाठी अपहरण म्हणजे जुन्या दंड संहितेचं कलम ३६४अ, आता न्याय संहितेत १४०(२). १९९३ ला घातलेलं कलम. शिक्षा दोनच, फाशी नाहीतर जन्मठेप, वर दंड. मधलं काहीच नाही. आता बघा, एकाने पोर पळवलं, बापाला फोन करून मारून टाकीन म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी घाबरून पोराच्या हातात बिस्किटचा पुडा देऊन एसटी स्टँडवर सोडून आला, तरी जन्मठेप. दुसऱ्याने पैसे घेऊन वर गळा दाबला, तरी बहुतेक वेळा जन्मठेपच, फार तर फाशी. म्हणजे ज्याच्या ताब्यात ते पोर आहे त्याला कायदा सांगतोय की बाबा तुझं जे व्हायचं ते पहिल्या फोनलाच होऊन गेलंय. वर सोडलेलं पोर उद्या कोर्टात येऊन बोट दाखवणार ते वेगळंच. मग तो काय हिशोब करेल?

जर्मनीत याच गुन्ह्याच्या कलमात लिहिलंय की पैशावर पाणी सोडून माणसाला परत जाऊ दिलं तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, आणि निव्वळ घोर बेफिकिरीने जरी तो मेला तरी जन्मठेप किंवा कमीत कमी १० वर्षं. जगला आणि मेला यातला फरक कलमातच आहे. आपल्याकडे का नको?

खर्डा_भाकर :
वाचून डोकं तापलं. पोर चोरणाऱ्याला परतीची वाट ठेवायची म्हणे, आणि तीही आपणच झाडून.

मी कोल्हापूरची. ९६ ला गावित मायलेकींची केस बाहेर आली तेव्हा मी दुसरीत होते, आणि त्या वर्षी जोतिबाच्या यात्रेत आईने माझं मनगट पदराच्या टोकाने बांधून ठेवलं होतं, घट्ट, घरी आल्यावर वळ होता. त्या बायकांनी कुणाला खंडणीचा फोन केलाच नव्हता. पाकीटमारीला आडोसा म्हणून कडेवर पोर लागायचं, ते चोरायचं, आणि रडायला लागलं, अडचण व्हायला लागली की मारायचं. एकदा पाकीट मारताना एकीला पकडलं तर लोकांचं लक्ष वळवायला कडेवरचं चोरलेलं लेकरू जमिनीवर आपटलं, हे कोर्टात सिद्ध झालंय. यात तुमच्या जर्मनीच्या कलमाने कुणाचा जीव वाचला असता सांगा.

कडुनिंब :
ताई, तुमचा मुद्दा मान्य, पण ती खुनाची केस होती, ३०२ ची, त्याला ३६४अ लागतच नाही. मी त्या माणसाबद्दल बोलतोय ज्याच्या हातात पोर अजून जिवंत आहे.

तालुका_वकील :
दोघांनाही थोडं थांबवतो. कडुनिंब, तुम्ही कलम वाचलंय पण त्यावरचं जजमेंट नाही वाचलं. २०२१, शेख अहमद विरुद्ध तेलंगण. रिक्षावाल्याने सहावीतला मुलगा पळवला, दोन लाख मागितले, खालपासून हायकोर्टापर्यंत जन्मठेप. सुप्रीम कोर्टाने काय केलं, कलमाचे तुकडे पाडले. नुसतं पळवलं आणि पैसे मागितले एवढ्याने ३६४अ होत नाही, मधली पायरी पण सिद्ध करावी लागते, म्हणजे मारायची किंवा इजा करायची धमकी, किंवा तशी भीती वाटेल असं वागणं, किंवा खरोखर इजा वा मृत्यू. त्या मुलाला तर नीट वागवलं होतं हे साक्षीतच आलेलं. जन्मठेप गेली, साध्या अपहरणाची ७ वर्षं आणि ५ हजार दंड राहिला. म्हणजे तुम्ही म्हणता ती वाट थोडीफार आहेच.

आणि ३६४अ मधली फाशी जास्त होते हा मुद्दा पण कोर्टापुढे जाऊन आलाय. होशियारपूरचा शाळकरी मुलगा, २००५, पळवला, क्लोरोफॉर्म आणि गुंगीची इंजेक्शनं, मुलगा गेला. दोघांची फाशी २०१० ला कायम झाली. मग ते विक्रम सिंग विरुद्ध भारत सरकार म्हणून परत गेले, की हे कलम अतिरेक्यांसाठी आणलेलं, आम्ही साधे गुन्हेगार, आम्हाला कसं लावता. २०१५ ला कोर्टाने सांगितलं की कलमात सरकारबरोबर 'इतर कोणतीही व्यक्ती' असंही आहे, तेव्हा बापाकडे पैसे मागितले तरी लागू, आणि फाशी सक्तीची नाहीये, जजला जन्मठेपेचा पर्याय आहे, म्हणून घटनेत बसतं.

कडुनिंब :
वकीलसाहेब, तुम्ही माझीच बाजू मांडली की. शेख अहमदमधला जन्मठेपेतून सुटला कारण त्याने धमकी दिल्याचं सिद्ध झालं नाही, मुलगा सोडला म्हणून नाही. ज्याने रागाच्या भरात फोनवर एक वाक्य टाकलं त्याच्यासाठी दार बंदच. आणि पर्याय कसला, फाशी की जन्मठेप? मुलगा सुखरूप घरी पाठवणाऱ्याला त्या पर्यायात कुठे बसवता?

बक्कल_नंबर :
३१ वर्षं खात्यात काढली, हवालदार म्हणून रिटायर झालो. तुम्ही सगळे असं बोलताय जसं काही तो माणूस पोर पळवायच्या आधी कलमं वाचून बसतो. तसं नसतं. माझ्या बघण्यात आलेल्या केसमध्ये पोर मारलं गेलं त्याचं कारण बहुतेक एकच, पोर त्याला ओळखत होतं. शेजारचा, दुकानातला जुना नोकर, लांबचा भाचा. पोर त्याच्याबरोबर आपणहून जातं, काका म्हणत जातं. ज्या क्षणी ते घरी जायचं म्हणून रडायला लागतं त्या क्षणी याच्या लक्षात येतं की आता याला परत कसं पाठवू. खंडणीचा फोन कित्येकदा पोर गेल्यानंतर होतो. आमच्याकडे एक केस होती, नाव गाव सांगत नाही, बाप तिकडे शेत गहाण टाकून पैसे गोळा करत होता आणि पोर दीड दिवस आधीच विहिरीत होतं.

खरा फरक पडतो तो पहिल्या काही तासांनी. पूर्वी पोर हरवलं की मिसिंगला नोंद करायची आणि बसायचं, येईल मामाकडून म्हणायचं. २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मूल हरवलं की अपहरणच धरा आणि एफआयआर घ्या. तो एक आदेश तुमच्या फाशी-जन्मठेपेपेक्षा जास्त कामाचा.

फ्लेमिंग्टनकर :
हवालदार काका बोलले तेच न्यू जर्सीत ९० वर्षांपूर्वी झालंय. मी राहतो तिथून फ्लेमिंग्टनचं जुनं कोर्ट जवळ आहे, पाहुणे आले की दाखवतो. १ मार्च १९३२ ला विमानवाल्या लिंडबर्गचं २० महिन्यांचं बाळ वरच्या मजल्यावरून घरी ठोकलेली शिडी लावून नेलं. एप्रिलमध्ये ५० हजार डॉलर दिले. मे महिन्यात बाळ घरापासून काही मैलांवर झाडीत सापडलं, कवटी फुटलेली, कितीतरी आधीच गेलेलं. पैसे दिले तेव्हा सोडायला कुणी उरलंच नव्हतं.

पण कायद्याची गंमत पुढे आहे. त्या वेळी न्यू जर्सीत अपहरण हा फाशीचा गुन्हाच नव्हता. मग सरकारी वकिलांनी काय केलं, घरफोडी लावली! घरात शिरून बाळाच्या अंगावरच्या झोपायच्या कपड्यांसकट चोरी केली आणि त्या घरफोडीत मृत्यू झाला, म्हणून खून. मारायचा इरादा होता की शिडी मोडून पडलं हे सिद्ध करायची गरजच नाही, मोठा गुन्हा करताना मेला की खून. आरोपी हाउप्टमनला १९३६ ला विजेच्या खुर्चीत बसवलं. आजही इथे अपहरणात कुणी मेलं की तोच नियम, फक्त फाशी २००७ ला गेली. मला विचाराल तर हे बरोबर आहे. माणूस उचलून नेला की त्याच्या जिवाची जबाबदारी तुझी, मग तो तोंडात बोळा कोंबल्याने गुदमरला की दम्याने, मला काय त्याचं.

तालुका_वकील :
तो नियम आपल्याकडे अपहरणाला नाही, आणि नसलेला बरा असं मला वाटतं. इंग्लंडने १९५७ ला काढून टाकला. त्यात गाडी चालवणारा पोरगा, ज्याला फक्त 'दोन तास थांब' एवढंच सांगितलंय, तोही खुनी होतो. आपल्याकडे दरोड्याला तसं आहे, पाच जणांनी दरोडा घातला आणि एकाने खून केला तर पाचही जणांना फाशी, जन्मठेप किंवा किमान १० वर्षं. पण अपहरणात मृत्यू असं वेगळं कलमच नाही. खंडणी मागितली नाही, मारायचा इरादा दाखवता आला नाही, आणि माणूस डिकीत गुदमरून मेला, तर अपहरणाची ७ वर्षं आणि सदोष मनुष्यवधाच्या खालच्या भागाची (मारायचा इरादा नव्हता, पण जीव जाऊ शकतो हे माहीत होतं) १० वर्षांपर्यंत, एवढ्यावर येऊ शकतं. पण टोळीचं काम असेल तर नव्या संहितेत संघटित गुन्ह्याचं १११ आहे, त्यात अपहरण नाव घेऊन लिहिलंय, मृत्यू झाला तर फाशी किंवा जन्मठेप आणि दंड किमान १० लाख.

आणि पुराव्याची अडचण वाटते तेवढी नाही. २००० साली कलकत्त्याच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय, तुम्ही माणूस उचलून नेलात हे सिद्ध झालं आणि नंतर तो मेलेला सापडला, तर मधे काय झालं ते तुम्हीच सांगा, तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार. गप्प बसलात तर कोर्ट तुम्हीच मारलं असं धरू शकतं.

खर्डा_भाकर :
७ वर्षं! डिकीत गुदमरून मेला तर ७, फार तर १०! आणि यांना अजून कमी करायचीय.

झिपऱ्या :
मग मस्साजोगच्या सरपंचाचं काय होणार ते पण सांगा वकीलसाहेब, तिथे तर उचलून नेऊनच मारलंय

तालुका_वकील :
तिथे खून आणि मकोका दोन्ही आहे, कोर्टात चालू आहे. चालू केसवर इथे निकाल द्यायला बसू नका.

खर्डा_भाकर :
निकाल देऊन तरी काय उपयोग. गावित बहिणींना २००१ ला सेशन्सने फाशी दिली, २००६ ला सुप्रीम कोर्टाने कायम केली, २०१४ ला राष्ट्रपतींनी दया नाकारली, आणि जानेवारी २०२२ ला हायकोर्टाने जन्मठेप केली. का, तर दयेचा अर्ज पावणेआठ वर्षांच्या वर पडून होता. फायली मंत्रालयातून फिरायला वेळ लागला म्हणून. ज्या लेकरांच्या जिवाचं झालं त्यांचं कुणी मोजलं का किती वर्षं झाली.

तालुका_वकील :
चिडणं समजू शकतो ताई, पण ती फाशी दयाबुद्धीने गेली नाही, सरकारच्या आळसाने गेली, आणि हायकोर्टाने त्यावर सरकारला झापलंच. सुटकेची मागणी मात्र फेटाळली. त्या आतच आहेत.

कडुनिंब :
आणि बघा, त्या केसमध्ये फाशी २० वर्षांहून जास्त डोक्यावर होती. त्याने मधल्या काळात होशियारपूरला काही थांबलं का?

खर्डा_भाकर :
थांबलं नाही म्हणून काढून टाकायची? हेल्मेट घालूनही लोक मरतात.

गार_वरण :
मीच तो मेव्हणा. धागा निघालाय हे मला बहिणीने सांगितलं, याने सांगितलंच नाही.

मी अजूनही लटकवा म्हणणाराच आहे, पण हवालदारांचं वाचून एक डोक्यात आलं ते लिहितो. आपण सगळे त्या पळवणाऱ्याच्या डोक्यात काय असेल ते बोलतोय. फोनच्या दुसऱ्या टोकाला बाप असतो. मला दोन मुली आहेत. उद्या तसा फोन आला तर मी त्याला काय सांगू? आज माझ्याकडे सांगायला पैसे सोडून काहीच नाही. "आत्ता सोड, अजून काही बिघडलेलं नाही" हे वाक्य मी कितीही रडून बोललो तरी ते खोटं आहे, आणि त्यालाही माहितीये खोटं आहे. ते खरं करायचं असेल तर याचं म्हणणं थोडं मान्य करायला लागतं, थोडंच. पण मुलीला काही झालं तर त्याला लटकवाच, तिथे मी हलणार नाही.

कडुनिंब :
हेच तर मी परवा अर्धा तास सांगत होतो!

गार_वरण :
तू जर्मनी सांगत होतास. आणि वरण तुझ्यामुळे गार झालं.