शिलाईच्या कातरणीतून पत्र्याखाली इन्सुलेशन होईल का?

धायरीची_शिलाई: धायरीत पत्र्याच्या शेडमध्ये आमचं शाळेच्या गणवेशांचं युनिट आहे, साधारण ५०० चौरस फूट. एप्रिल-मेमध्ये नुसती भट्टी. दुपारी बायका मशीनवर बसायला तयार नसतात आणि त्यांचं काही चुकत नाही. इकडे कातरणीची पोती साठलीत, भंगारवाला फुकटही उचलत नाही. तीच पत्र्याखाली भरली तर?

गादीवाला_नाना: ताई, होईल, पण पोत्यातून काढून तशीच कोंबू नका. ऊन अडवतं ते कापड नव्हे, तंतूंमध्ये अडकलेली हवा. कातरण दाबून भरली की हवा गेली, नुसतं वजन राहिलं. म्हणून कापड फाडून तंतू मोकळे करावे लागतात. आमचं पिंजण्याचं मशीन कापसाचं. होजिअरी कशीबशी सुटते, पण घट्ट विणीचं कापड घातलं की दातांना गुंडाळून बसतं, मग सुरीने कापत बसा. त्याला चिंध्या फाडायचं वेगळं मशीन लागतं. पानिपतला तर या धंद्यावर आख्खं गाव चालतं. बटण, हुक, चेन एकही राहता कामा नये. लोखंड दातांवर आपटलं की ठिणगी, आणि पिंजलेला माल पेटायला वेळ लागत नाही.

मोठे कारखाने त्यात लवकर वितळणारा पॉलिस्टर तंतू मिसळून भट्टीतून काढतात, त्याने थर धरून राहतो. आपल्याला तेवढं नको. जुन्या चादरींच्या खोळी शिवा (तुमच्याइतकं सोपं कुणाला?), २ इंच जाड भरा, गादीसारखे टाके मारा, नाहीतर माल एका कोपऱ्यात गोळा होतो. घनमीटरला ३५ किलो धरले तर तुमच्या शेडला ८० किलोच्या आसपास माल लागेल.

कोथरूडचा_आर्किटेक्ट: नाना, आगीचं काय? इस्त्र्या, जुनी वायरिंग, वर चिंध्या! सुती मालाला टाकणखार आणि बोरिक पावडर लावतात, त्याने आग पसरायची कमी होते, वाळवीही लागत नाही. पण टेरीकॉटमधल्या पॉलिस्टरवर त्याचा फारसा उपयोग नाही, ते वितळून पेटते थेंब पडतात. शिवाय पावसाळा. पाणी स्थिर हवेच्या २० पटींहून जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणजे भिजलेली खोळ असून नसून सारखीच. मी असतो तर आधी पत्र्यावर ऊन परतवणारा पांढरा कूल रूफ रंग मारला असता.

गादीवाला_नाना: रंग माराच, तो स्वस्त पडतो. पण ताई, त्याआधी पत्र्याच्या स्क्रूंचे रबरी वॉशर बघून घ्या. उन्हाने तडकतात आणि पाणी दांड्यावरून आत उतरतं. खोळ पत्र्याला टेकवू नका, खाली जाळी ताणून चार बोटं जागा सोडा. वायरी आधी पाइपात घाला.

धायरीची_शिलाई: आमच्याकडे निम्मा माल टेरीकॉटच. सुती वेगळा काढायला सांगते. नाना, खोळी मी शिवते, पण फाडणार कुठे? पुण्यात कुणाकडे आहे का ते मशीन?

गादीवाला_नाना: हडपसरकडे एक ओळखीचा आहे, विचारून सांगतो. तोवर सुती कातरण कोरडी ठेवा, उंदरांपासून जपा.