मदत हवी आहे: डिट्कोंच्या स्पायडर-मॅनची कोणती पुनर्मुद्रित आवृत्ती घ्यावी?

नमस्कार. स्टीव्ह डिट्को यांनी काढलेल्या स्पायडर-मॅनच्या सगळ्या कथा मला पुनर्मुद्रित संग्रहांच्या रूपात विकत घ्यायच्या आहेत आणि त्यासाठी, हे संग्रह ज्यांनी प्रत्यक्ष हाताळले आहेत अशा वाचकांचा सल्ला हवा आहे. ऑगस्ट १९६२ ही तारीख असलेला ‘अमेझिंग फँटसी’चा पंधरावा अंक, मार्च १९६३ ते जुलै १९६६ या काळातले ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’चे पहिले ३८ अंक आणि दोन वार्षिकांक, एवढाच हा ऐवज आहे, पण त्याच्या आवृत्त्या इतक्या निघाल्या आहेत की निवड करणे अवघड झाले आहे.

मी चित्रकला शिकवते. टाक आणि ब्रशने शाईकाम कसे करावे, हे मोठ्या विद्यार्थ्यांना समजावताना डिट्कोंची पाने समोर ठेवावीत अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. पीटर पार्करचे, म्हणजे मुखवट्याआडच्या स्पायडर-मॅनचे, पुढे झुकलेले खांदे, प्रत्येक पात्राचे वेगवेगळ्या मनःस्थितीतले हात, नऊ चौकटींच्या पानातही न गुदमरणारी रचना, हे सर्व पडद्यावर मोठे करून दाखवता येते. पण रेषेची जाडी आणि काळ्या रंगाचे वजन कागदावरच कळते. त्यामुळे मला कथा वाचायच्या तर आहेतच, परंतु आवृत्ती निवडण्याचा माझा पहिला निकष रेषेचा आहे.

माझ्याकडे सध्या मूळ प्रकाशक मार्व्हलच्या ‘एसेन्शियल’ या पुनर्मुद्रण मालिकेचा पहिला खंड आहे, जो फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत मिळाला. १९९६ साली सुरू झालेली ही मालिका कृष्णधवल आहे. पाचशेहून अधिक पानांच्या या खंडात पहिले वीस अंक येतात. रंग नसल्यामुळे पोशाखाच्या निळ्या भागात डिट्कोंनी किती काळा भरला आहे आणि त्याच्या कडा बारीक फटकाऱ्यांनी कशा मोडल्या आहेत, हे विद्यार्थ्यांना लगेच दिसते. मात्र कागद हलका आहे, मागची छपाई पुढे उमटते आणि काही चौकटींत दाट छायेतल्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उरला आहे. ही मालिका आता बंद झाली असल्यामुळे पुढचा खंड शोधण्याऐवजी रंगीत संग्रहच घ्यावा, असे मनात आहे.

खरी अडचण रंगाची आहे. मूळ अंक स्वस्त वृत्तपत्री कागदावर चार रंगांत छापले जात; फिकट छटा टिंबांच्या जाळीतून मिळत आणि शाई कागदात मुरल्यामुळे सगळेच रंग थोडे मंदावत. रंगयोजना करणाऱ्यांना हे ठाऊक होते आणि त्यांनी भडक वाटणारे रंग त्या कागदाचा अंदाज घेऊनच ठरवले होते. तेच रंग, टिंबे काढून टाकून, संगणकावर सपाट भरून पांढऱ्याशुभ्र गुळगुळीत कागदावर छापले की ते डोळ्यांवर येतात आणि रेषा मागे पडते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘मार्व्हल मास्टरवर्क्स’ या पुठ्ठा बांधणीच्या मालिकेचा एक खंड मी एका परिचितांकडे पाहिला, तेव्हा पार्करच्या घराची भिंत त्याच्या चेहऱ्याआधी दिसत होती. माझ्या मते पुनर्मुद्रणात चित्रकाराचे सर्वांत जास्त नुकसान इथे होते, आणि दुर्दैवाने विक्रीच्या जाहिरातीत नेमका हाच चकचकीतपणा गुण म्हणून सांगितला जातो.

रेषेचाही प्रश्न आहेच. जिथे छपाईसाठी वापरलेल्या जुन्या फिल्म उपलब्ध नव्हत्या तिथे प्रकाशकांना छापील अंकांवरूनच काम करावे लागले. ग्रेग थीकस्टन यांनी जुन्या पानांवरचे रंग रसायनाने घालवून फक्त काळी रेषा शिल्लक ठेवण्याची पद्धत वापरात आणली, तर सुरुवातीच्या काही संग्रहांत दुसऱ्या चित्रकारांकडून रेषा पुन्हा गिरवून घेण्यात आल्या. गिरवलेली रेषा कितीही नीट असली तरी तिच्यातला हाताचा वेग हरवतो. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समध्ये वेताळाच्या दैनिकातल्या पट्ट्या पानाच्या मापात बसवण्यासाठी चौकटी कापल्या किंवा वाढवल्या जात, हे ज्यांनी ताडून पाहिले आहे त्यांना माझी काळजी समजेल. ‘अमेझिंग फँटसी’च्या त्या अंकाची डिट्कोंनी काढलेली २४ मूळ पाने २००८ मध्ये एका अनामिक दात्याने अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, त्यामुळे निदान त्या अंकापुरती मूळ रेषा कशी होती याची खात्री करून घेता येते.

माझ्या विचाराधीन पर्याय असे आहेत. ‘एपिक कलेक्शन’ या कागदी बांधणीच्या रंगीत मालिकेच्या दोन खंडांत डिट्कोंचे सर्व काम येते: पहिल्यात सतराव्या अंकापर्यंत आणि दुसऱ्यात अठरा ते अडतीस. २००७ मध्ये प्रथम निघालेल्या ऑम्निबसमध्ये हेच सर्व एका ठिकाणी आहे, पण हजाराहून अधिक पानांचा तो ग्रंथ वर्गात हातोहात फिरवणे शक्य नाही आणि छपाई संपली की त्याची किंमत आवाक्याबाहेर जाते. २०२१ पासून येणारी ‘मायटी मार्व्हल मास्टरवर्क्स’ ही मालिका स्वस्त आहे, पण तिचा आकार मूळ अंकापेक्षा लहान आहे. २०२२ चा पेंग्विन क्लासिक्सचा खंड निवडक कथांचा असल्याने माझ्या कामाचा नाही. टाशेन या प्रकाशनसंस्थेच्या भव्य आकाराच्या खंडात उत्तम स्थितीतल्या जुन्या अंकांची छायाचित्रे घेऊन पाने छापली आहेत, म्हणजे टिंबे आणि मूळ रंग दिसतात, मात्र जुन्या छपाईतले दोष संगणकावर दुरुस्त केले आहेत. माझा ओढा त्याच्याकडे आहे, पण खर्च पाहता एका खंडापलीकडे मी जाऊ शकणार नाही, आणि १९६२ ते १९६४ या काळाच्या त्या पहिल्या खंडात मला सर्वांत जास्त हवा असलेला अंक येत नाही.

तो अंक म्हणजे फेब्रुवारी १९६६ चा तेहेतिसावा. पीटरच्या मे काकूंचा जीव वाचवणारे औषध हाताच्या अंतरावर पडले आहे, वरून पाणी गळते आहे आणि स्पायडर-मॅन प्रचंड यंत्राखाली अडकला आहे. सुरुवातीच्या चौकटींत यंत्राचा काळा भार वरून दाबतो आणि माणसाला खाली जेमतेम जागा उरते. पुढे तो थोडा थोडा उठतो तशा चौकटी मोठ्या होत जातात आणि पाचव्या पानावर, पूर्ण पानभर, तो ते यंत्र उचलून उभा राहतो. केवळ चौकटींच्या मापातून श्रम दाखवण्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

इथे संग्रहाच्या मांडणीचा थेट संबंध येतो. जाहिरातींची पाने गाळली की पाने डावी-उजवीकडे सरकतात. कथेचे पहिले पान उजवीकडे आले तर चौथे आणि पाचवे पान समोरासमोर येतात आणि वाचकाला पुढचे चित्र आधीच दिसते. पहिले पान डावीकडे आले तर पाचवे पान उलटल्यावरच समोर येते. विद्यार्थ्यांना मला हा दुसरा अनुभव द्यायचा आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, ज्यांच्याकडे एपिकचा दुसरा खंड किंवा ऑम्निबस असेल त्यांनी कृपया तेहेतिसावा अंक उघडून पाचवे पान कोणत्या बाजूला आले आहे ते पाहावे, आणि कागद चकचकीत आहे की मॅट, तसेच मधल्या घडीत चित्राची कड किती जाते, हेही सांगावे. दिवसाच्या उजेडात काढलेले एका पानाचे छायाचित्र मिळाले तर रंगांचा अंदाज येईल. ‘मायटी’ मालिकेतल्या लहान आकारात यंत्रावरच्या बारीक रेषा सुट्या दिसतात की बुजतात, हेही कोणी पाहून सांगू शकेल का? आणि ‘एसेन्शियल’चा दुसरा खंड, ज्यात एकविसाव्या अंकापासून पुढच्या कथा आहेत, तो पुण्या-मुंबईत कोणाला विकायचा असेल तर अवश्य कळवावे, रंगीत संग्रह घेतला तरी शाईकामासाठी तो मला हवाच आहे.