दुसऱ्या-चौथ्या शनिवारचे बाप: मुलाचा ताबा निम्मा-निम्मा का नको?

कऱ्हाकाठ
आमचा घटस्फोट संमतीने झाला. भांडण नाही, कोर्टात आरडाओरडा नाही. मुलगा आईकडे. मला दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच, शिवाय दिवाळी आणि मे महिन्याची अर्धी सुट्टी. मुलाची पोटगी दरमहा जाते, शाळेची फी वेगळी. पैशाबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण अशा धाग्यावर तिसऱ्या प्रतिसादात "पोटगी चुकवायची असेल" हे येतंच.

तक्रार वेळेची आहे. त्यांच्या सोसायटीच्या गेटवर रजिस्टर असतं. नाव, फ्लॅट नंबर, येण्याचं कारण. त्या कारणाच्या रकान्यात मी काय लिहायचं? शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी नाही. गॅदरिंगची तारीख मला मुलाच्या मित्राच्या बाबांकडून कळते. पोटगी थकली तर वॉरंट निघतं. भेट बुडाली तर अर्ज करा, मग समोरच्याचं म्हणणं, मग तारीख. तोवर पोराची इयत्ता बदलते.

विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला. संयुक्त ताब्याची स्पष्ट तरतूद कायद्यात करा, असं त्यात म्हटलं होतं. कायदा आजही तिथेच. माझं मत त्याच्याही पुढचं आहे. सुरुवातच निम्म्या-निम्म्या वेळेपासून व्हावी. ज्याला ते मान्य नाही, त्याने का नको ते कोर्टाला पटवून द्यावं. आज उलटं आहे. बापाने आपण का हवे आहोत ते सिद्ध करत बसायचं.

मुग्धा_स
संसार चालू होता तेव्हा वेळ निम्मा होता का? लसीच्या तारखा, पालकसभा, रात्री एकशेतीन ताप, परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवलेला प्रोजेक्ट. तुमच्या घरी कोण काय करत होतं मला माहीत नाही, पण बहुतेक घरांत हे कोण करतं ते आपण सगळे जाणतो. लग्न मोडल्यावर अचानक निम्मं?

आणि "कायदा बायकांच्या बाजूचा" हे एकदा वाचून बघा. १९५६ चा हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा, कलम ६. नैसर्गिक पालक म्हणून पहिलं नाव बापाचं, "त्याच्यानंतर" आई. बाप हयात असतानाही आई पालक असू शकते, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला १९९९ साल उजाडावं लागलं, आणि तेही एका बाईने रिझर्व्ह बँकेच्या रोख्यांच्या अर्जावर स्वतःची सही चालत नाही म्हणून दाद मागितल्यावर. आईला सर्वसाधारणपणे ताबा द्यावा असं कायदा म्हणतो ते फक्त पाच वर्षांखालच्या मुलाबाबत. त्यापुढे एकच कसोटी, मुलाचं हित. तुम्ही मागताय ती आईबापांतली समान वाटणी. मूल म्हणजे सातबारा नव्हे.

कऱ्हाकाठ
मुग्धाताई, कोण कमावणार आणि कोण घर बघणार, हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. ती व्यवस्था लग्नासाठी होती. लग्न संपल्यावर तीच कायमची का गोठवायची? मी आता घरून काम करतो, डबा करतो, गणित घेतो. पण कोर्टाच्या कागदावर मी अजून तोच रात्री नऊला घरी येणारा माणूस आहे.

अक्कलकाढा
तत्त्व छान आहे. आता नकाशा काढा. आई बदलापूरला, बाप विरारला. शाळा कुठे? आठवड्यातले तीन दिवस पोरगं दप्तर घेऊन दादरला गाडी बदलणार का? निम्म्या ताब्यासाठी आधी दोन घरं लागतात, तीही शाळेपासून हाकेच्या अंतरावर. घटस्फोट झाल्यावर मुंबईत एकाचं वन आरके होतं आणि दुसरा आईवडिलांच्या हॉलमध्ये गादी टाकतो. हा कायदा कोथरूड आणि बाणेरमधल्या मंडळींसाठी ठीक.

ॲडव्होकेट_म्हणे
तालुक्याच्या ठिकाणी वकिली करतो, कौटुंबिक प्रकरणं बरीच असतात. दोन्ही बाजूंनी काही गोष्टींची गल्लत चालली आहे, ती आधी निस्तरू.

ताबा, पालकत्व आणि भेट हे तीन वेगळे विषय आहेत. ताबा आईकडे गेला म्हणून बापाचं पालकत्व संपत नाही. ताब्याचा कुठलाही आदेश दगडावरची रेघ नसतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली हुकूमनाम्यानंतरही अर्ज करता येतो, परिस्थिती बदलली असेल तर आदेश बदलतो. कऱ्हाकाठ, "घरून काम करतो" ही बदललेली परिस्थितीच आहे. अर्ज केलात का?

आता पोटगी. "पगाराच्या पंचवीस टक्के" हे पारावरचं गणित आहे. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणापुरता तो आकडा योग्य मानला, आणि तेव्हापासून प्रत्येक पक्षकार तो तोंडपाठ करून येतो. नियम तसा नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये नागपूरहून गेलेल्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सगळ्या देशासाठी पद्धत घालून दिली. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. त्याआधी कुठे अर्जापासून, कुठे आदेशापासून, असा ज्याचा त्याचा कारभार होता. प्रतिज्ञापत्राने खोटेपणा थांबला असं मात्र नाही. धंदेवाईक नवऱ्याचं उत्पन्न अर्ज आला की नेमकं त्याच वर्षी कोसळतं. आणि शिकवण्या घेणाऱ्या बायकोला "घरीच असते" म्हणून लिहिलेलंही मी पाहिलंय.

मुलाचा खर्च ही दोघांची जबाबदारी आहे. आई कमावती असेल तर तिचाही वाटा कमाईच्या प्रमाणात धरला जातो. संमतीच्या अटींत आईने "मला काही नको" लिहून दिलं तरी मुलाचा हक्क त्याने सुटत नाही.

आणि एक हात जोडून सांगणं. भेट देत नाहीत म्हणून पोटगी थांबवू नका. पोटगी आली नाही म्हणून भेट थांबवू नका. या दोन नाड्या कोर्ट एकमेकींना बांधत नाही. बांधणारा पक्षकार मात्र अडकतो.

आजी_ऑनलाइन
वकीलसाहेब, आजी-आजोबांचं काय? नातीला दोन वर्षांची होईपर्यंत मी सांभाळली. आता बापाच्या वाट्याचे सहा तास, त्यात दोन तास मॉलमध्ये. आमच्या वाट्याला येते ती व्हॉट्सॲपवरची फोटोतली नात. निम्म्याला माझं +१.

रेवा
मी या वादातलं मूल होते, त्यामुळे जरा लांब लिहिते.

आईबाबा दोघंही नाशिकमध्येच, दोन घरांत सायकलने पंधरा मिनिटांचं अंतर. कागदावर ताबा आईकडे, पण प्रत्यक्षात दोघांनी समजुतीने आठवडा वाटून घेतला होता. म्हणजे इथे जे मागितलं जातंय, जवळपास तेच आम्ही जगलो. भाऊ धाकटा, त्याला ते मस्त जमलं. त्याची क्रिकेटची बॅट बाबांकडे आणि कीबोर्ड आईकडे, आणि त्याला त्यात काही वाटायचं नाही. मला सातवीनंतर जमेना. मैत्रिणी आईच्या कॉलनीत, क्लास तिकडे. दर रविवारी संध्याकाळी भरायची ती बॅग मला नको झाली. मी बाबांकडे जायचं कमी केलं आणि त्यांना वाटलं आईने शिकवलं. आईने एक अक्षर शिकवलं नव्हतं. एकाच घरातली दोन मुलं, एकच व्यवस्था, एकाला मानवली आणि एकीला नाही. कायदा कुठल्या मुलाला धरून करणार?

त्याआधी दावा चालू असताना न्यायाधीशांनी मला चेंबरमध्ये बोलावलं होतं. बिस्किटं दिली, शाळेबद्दल विचारलं, मग हळूच "तुला कोणाकडे राहायला आवडेल?" मुलाला समज असेल तर त्याची इच्छा विचारात घेता येते, हे १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्यातच आहे, हे मला मोठेपणी कळलं. विचारायला हवंच, नाही असं नाही. पण "कोणाकडे" असं विचारू नये. "शाळेतून आल्यावर काय करतेस, जेवायला कोण वाढतं, कोणाकडे गेल्यावर झोप लागत नाही" असं विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. "कोणाकडे" म्हटल्यावर मी फक्त बिस्किट खात बसले.

यारा_काठची
मेलबर्नहून लिहितेय. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये कायद्यात समान पालकत्वाच्या जबाबदारीचं गृहीतक घातलं होतं. मोठे निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे, एवढाच त्याचा अर्थ, आणि त्याबरोबर कोर्टाने समान वेळेचा विचार करायचा. लोकांनी मात्र "निम्मा वेळ हा माझा हक्क" असंच वाचलं. नको त्या प्रकरणांतही मंडळी निम्म्यावर अडून बसली. शेवटी ते गृहीतक काढून टाकलं, ६ मे २०२४ पासून. आता इथेही मुलाचं हित आणि सुरक्षितता, प्रत्येक प्रकरण वेगळं. कऱ्हाकाठ जे आणू म्हणतात, त्याच्या जवळचं काहीतरी इथे आणून, वापरून परत नेलं आहे.

इथल्या आपल्या लोकांचं आणखी एक दुखणं. भांडण झालं की एक जण मुलाला घेऊन पुण्याचं विमान पकडतो. पळवून नेलेल्या मुलांबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही, त्यामुळे दुसऱ्याने इथला आदेश हातात धरून तिकडच्या उच्च न्यायालयाची पायरी चढायची.

कऱ्हाकाठ
ऑस्ट्रेलिया सांगितलंत, मग अमेरिकेतलं केंटकीही सांगा. २०१८ पासून तिथे संयुक्त ताबा आणि समान वेळ हेच गृहीतक आहे, घरगुती हिंसाचार असेल तर अपवाद. म्हणजे अपवाद लिहून नियम करता येतो.

मुग्धा_स
अपवाद कागदावर लिहिणं सोपं. सिद्ध कोण करणार? बंद दाराआडच्या मारहाणीला साक्षीदार कुठून आणायचा? आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात कलम २१ आहे. भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर मॅजिस्ट्रेट भेट नाकारू शकतात. आज बाई निदान तेवढं मागू तरी शकते. उद्या निम्मं हाच नियम झाला की तिला आधी त्या डोंगराएवढ्या नियमाला धडक द्यावी लागेल. आणि माझ्या ओळखीत असे नवरे आहेत की ज्यांना मूल नको असतं, फक्त "ताबा मागतो" म्हणून पोटगी खाली आणायची असते. वेळ निम्मा म्हणजे पैसेही निम्मे, हा हिशेब तुमच्या डोक्यात नसेल, त्यांच्या असतो.

पेडण्याचो
पोटगीचा विषय निघालाच आहे तर गोव्याचं सांगतो. आमच्याकडे पोर्तुगीज काळातला दिवाणी कायदा. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक, आणि घटस्फोटात तिची वाटणी अर्धी-अर्धी. तुमच्याकडे घर नवऱ्याच्या नावावर असेल तर बायकोला त्यात राहण्याचा हक्क सांगता येतो, मालकीचा नाही. मग ती काय करणार? मूल जिथे, तिथे छप्पर आणि खर्च. मला तर वाटतं तुमच्याकडची ताब्याची निम्मी भांडणं मुळात घराची असतात. आधी मालमत्तेची वाटणी नीट करा, मुलाच्या वेळेची आपोआप सोपी होईल. गोव्यात सगळे गुण्यागोविंदाने वेगळे होतात असं नाही हां. पाच वर्षांखालचं मूल आईकडेच का, यावरचा २०१५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल गोव्यातल्याच प्रकरणातला आहे.

अक्कलकाढा
पेडणेकरांना +१. एवढ्या धाग्यात पहिल्यांदा कुणी घराबद्दल बोललं.

ॲडव्होकेट_म्हणे
निम्म्याच्या कायद्याची वाट बघत बसलात तर मुलगा कॉलेजात जाईल. आज हातात आहे ते करा.

आमच्याकडच्या संमतीच्या अटींत ताब्याचा परिच्छेद दोन ओळींचा असतो आणि भांडी-दागिन्यांची यादी दोन पानांची. उलटं हवं. मुलाला कुठे घ्यायचं-सोडायचं (गेटवर नको, शाळेतून परस्पर न्यावं हे उत्तम). मूल आजारी पडलं तर बुडलेला शनिवार कधी भरून द्यायचा. शाळेत दोघांचेही नंबर. गॅदरिंग, पालकसभा दोघांना खुली. पासपोर्टच्या अर्जावर सही कोण, किती दिवसांत. व्हिडिओ कॉल कोणत्या वारी, किती वाजता. शेवटचा मुद्दा हौसेचा नाही. लांब असलेल्या पालकाला फोन आणि व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलता आलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलेलं आहे.

कऱ्हाकाठ, तुम्ही थेट निम्मं मागू नका. आठवड्यातली मधली एक रात्र मागा, शाळेतून नेऊन दुसऱ्या दिवशी शाळेत सोडायची. त्यात गृहपाठ, डबा, गणवेश सगळं येतं. सहा महिने ते नीट चाललं की पुढच्या अर्जाला वजन येतं. शाळेला तर आजच पत्र द्या. त्यासाठी कोर्टाची गरज नाही.

कऱ्हाकाठ
मधल्या रात्रीचं डोक्यात आलं नव्हतं. तिच्याशी आधी बोलून बघतो, मग अर्ज. निम्म्याच्या मागणीवर मात्र मी ठाम आहे. केंटकीला जमतं ते आपल्याला का नाही, याचं उत्तर मिळालेलं नाही.

मुग्धा_स
मधल्या रात्रीला माझी हरकत नाही. उलट हे आधीच मागायला हवं होतं. निम्म्याला आहे, आणि उत्तर मी दिलंय. तुम्हाला ते आवडलेलं नाही एवढंच.

नवीन_सभासद_प
थोडं अवांतर. आमचंही म्युच्युअल आहे, मूल नाही, सगळं ठरलंय. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावंच लागतं का?

ॲडव्होकेट_म्हणे
सक्ती नाही. २०१७ च्या निकालानंतर कोर्ट ते सहा महिने माफ करू शकतं. अर्ज करण्यापूर्वीच तुम्ही दीड वर्ष वेगळे राहिलेला असलात, समेटाचे प्रयत्न फसलेले असले आणि पोटगी वगैरेचा निकाल आपसांत लागलेला असला तर. पहिल्या तारखेनंतर आठवड्याने माफीचा अर्ज देता येतो. वेगळं राहायला लागून एकच वर्ष झालं असेल तर सहा महिने काढा. बाकी नवीन धागा काढून विचारा, इथे ही दोघं अजून थांबायची नाहीत.