जपानी कांजी सोप्या केल्या ते बरोबर झालं का?

कांजीवेडा_पुणे
जपानी शिकणारे इथे बरेच आहेत म्हणून विषय काढतोय. १९४६ ला जपान सरकारने रोजच्या वापरासाठी १८५० कांजींची (म्हणजे जपानीत वापरतात त्या चिनी चिन्हाक्षरांची) यादी काढली, आणि १९४९ ला त्यातल्या बऱ्याच कांजींची कमी स्ट्रोकची, म्हणजे कमी रेघांची, नवी रूपं अधिकृत केली. माझं स्पष्ट मत आहे की यात भाषेचं नुकसान झालं. 'बेन' बघा. आधी तीन वेगळ्या कांजी होत्या, दोन्ही बाजूंना तीच खूण आणि मधे एकीत सुरी, दुसरीत बोलण्याची खूण, तिसरीत वेलीवरचं फळ. पहिलीचा अर्थ पारख करणं, दुसरीचा युक्तिवाद, तिसरीचा पाकळी. बघितल्या बघितल्या कळायचं. आता तिघींच्या जागी पाच स्ट्रोकची एकच कांजी आणि तीही मुळात एका टोपीची! बेंतोच्या डब्यात तीच, वकिलाच्या 'बेन्गोशी'तही तीच, फुलाच्या पाकळीतही तीच. हे सोपं करणं नाही, पुसून टाकणं आहे.

योकोहामाकर
अजिबात पटलं नाही. तुम्ही असं लिहिलंय जणू कुणीतरी कचेरीत बसून हे आकार शोधून काढले. अहो, 'कुनी' म्हणजे देश, 'गाकु' म्हणजे शिक्षण, यांची छोटी रूपं लोक हाताने कितीतरी आधीपासून लिहीत होते, सरकारने बहुतेक ठिकाणी तीच छापायला परवानगी दिली. आणि तेव्हाची परिस्थिती विसरू नका, युद्ध हरलेला देश, १९४६ च्या मार्चमध्ये आलेलं अमेरिकन शिक्षण मंडळ रोमन लिपी घ्या म्हणून शिफारस करून गेलं, शिगा नाओयासारखा मोठा लेखक तर म्हणाला की फ्रेंचच राष्ट्रभाषा करून टाका! त्या वातावरणात कांजी सोप्या केल्या म्हणून त्या टिकल्या असं मी ठामपणे म्हणेन.

कांजीवेडा_पुणे
पण रोमन लिपीची हवा १९४८ च्या साक्षरता पाहणीनेच काढली ना, अजिबात लिहिता-वाचता न येणारे फारच थोडे निघाले. मग कांजीमुळे जनता अडाणी राहते हा मुद्दाच उरला नाही, तरी पुढच्या वर्षी नवी रूपं आणलीच.

शिकवणारी
पाहणीत निरक्षर कमी निघाले म्हणजे सगळ्यांना पेपर नीट वाचता येत होता असं नाही, पूर्ण मार्क मिळवणारेही फार कमीच होते. मी लहान मुलांना जपानी शिकवते त्यामुळे माझं उत्तर वहीतून येतं. स्टेशनच्या पाटीवरची 'एकी' घ्या. जुनी २३ स्ट्रोकची, डावीकडे घोडा, उजवीकडे १३ स्ट्रोकचं गचपण. नवीन कांजीत घोडा तसाच ठेवला आणि उजवीकडे चार स्ट्रोकची 'शाकु' बसवली, झाले १४. आणि हीच युक्ती भाषांतराच्या 'याकु'त, नदीओढ्याच्या 'सावा'त, निवडीच्या 'ताकु'त चालते, एक शिकली की बाकीच्या येतात. जपानी मुलाला प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी शिकायच्या असतात, त्याच्या हातावर जुनं ओझं टाकायचं कशासाठी? बेनचं म्हणाल तर पाकळी आणि वकील यांच्यात गोंधळ होईल असं एक वाक्य करून दाखवा.

जुनंतेसोनं
ताई, तुमची युक्ती सगळीकडे चालत नाही हाच तर प्रॉब्लेम आहे. बुद्धाच्या 'बुत्सु'ची उजवी बाजू दोन स्ट्रोकवर आणली, पण पाणी उकळण्याच्या कांजीत तोच भाग जुनाच ठेवला, आणि ती यादीतच होती! त्यात २०१० ला जोयो यादी, म्हणजे रोजच्या वापराच्या कांजींची आत्ताची सरकारी यादी, २१३६ ची केली तेव्हा 'नाझो' म्हणजे कोडं आत आलं, त्याच्या उजव्या भागातल्या चालण्याच्या खुणेवर छापताना दोन टिंबं, आणि 'मिची' म्हणजे रस्ता, त्यावर एकच. हाताने एक दिलं तरी चालतं म्हणे. शिकणाऱ्याने काय समजायचं? सोपं करायचं तर सगळं करा नाहीतर हात लावू नका.

योकोहामाकर
सगळं करायला गेलं की काय होतं ते चीनमध्ये दिसलं, अक्षरं सोपी करण्याची १९७७ ची दुसरी फेरी लोकांना झेपली नाही, १९८६ ला मागे घेतली. जपान वेळेत थांबला हे चांगलंच झालं. फक्त आडनावांचं मी मान्य करतो. वातानाबेमधला 'बे', साइतोमधला 'साइ', यांची इतकी रूपं आहेत की ऑफिसात मेल पाठवायच्या आधी मी समोरच्याची सही उघडून कॉपी करतो, चुकीचा 'बे' गेला तर माणूस बोलत नाही पण त्याला लागतं.

कांजीवेडा_पुणे
बघा, म्हणजे माणसाला स्वतःच्या नावात जुनीच कांजी हवी असते! केइओ आणि कोकुगाकुइन विद्यापीठांनीही अधिकृत नावात जुनीच रूपं ठेवलीत. आता लिहितो कोण, सगळे टाईप करतात, म्हणून तर २०१० च्या यादीत 'उत्सु' ही २९ स्ट्रोकची कांजी घेतली. मग 'बेन'च्या तिघी परत आणायला काय हरकत आहे?

शिकवणारी
हरकत अशी की तिसरी-चौथीचं मूल अजून पेन्सिलनेच लिहितं. नावांत ठेवा, विद्यापीठांच्या पाट्यांवर ठेवा, हौसेने शिका, मी स्वतः मोठ्या मुलांना जुनी रूपं दाखवते आणि त्यांना आवडतात. पण शाळेच्या यादीत परत आणायला माझा विरोधच राहील.