जुने ब्रिटिश विनोदी सिनेमे आजच्या मुलांना आवडतील का?

रामबागची_मावशी (इंदूर)

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुटीत माझी तीन भाचरं घरी येतायत, वय 13, 16 आणि 20. लंडनच्या ईलिंग स्टुडिओचे जुने विनोदी सिनेमे त्यांना दाखवायचं माझ्या मनात आहे. घरचे म्हणतात, कृष्णधवल, संथ, त्यात ते ब्रिटिश उच्चार, पोरं दहा मिनिटांत मोबाइल काढतील.

मी एवढी हट्टाला का पेटलेय ते सांगते. माझे बाबा इथल्या एका कपडा मिलमध्ये वीव्हिंग खात्यात होते. भोंगा झाला की आमचं घर उठायचं. मिल बंद पडली तेव्हा मी बारावीत होते. पुढे कितीतरी वर्षांनी 1951 चा 'द मॅन इन द व्हाइट सूट' पाहिला. त्यात अ‍ॅलेक गिनेस एका कापड मिलमधला धडपड्या संशोधक आहे. तो असं कापड शोधून काढतो की जे मळत नाही आणि फाटतही नाही. सगळ्यांनी त्याला डोक्यावर घ्यायला हवं ना? पण एकदा घेतलेला कपडा जन्मभर टिकला तर दुसरा विकत घेणार कोण? आधी मालक घाबरतात, मग युनियनवाले. एरवी एकमेकांसमोर उभे ठाकणारे हे लोक एकत्र होऊन त्या एकट्याच्या मागे धावतात. मी पोट धरून हसत होते. तेवढ्यात त्याची घरमालकीण, लोकांची धुणी धुऊन चार पैसे मिळवणारी बाई, त्याला रस्त्यात गाठून विचारते की धुणंच उरलं नाही तर माझं कसं व्हायचं? माझं हसू तिथेच थांबलं. आमची मिल बंद झाल्यावर गेटसमोरचा चहावाला आधी गेला, मग सायकलचं पंक्चर काढणारा. त्यांचा हिशेब कुणी मांडलाच नव्हता. या सिनेमाने मांडला, तोही हसवता हसवता.

हे मुलांपर्यंत पोचावं असं मला फार वाटतं. कुठल्या सिनेमाने सुरुवात करू? आणि मध्ये थांबवून समजावून सांगू का?

स्पूलवाला

मावशी, व्हाइट सूट पहिल्या दिवशी नको. सुरुवात 'द लेडीकिलर्स'ने करा. 1955 चा आहे आणि रंगीत आहे, म्हणजे घरच्यांची पहिली तक्रार मिटली. पाच दरोडेखोर एका म्हाताऱ्या आजीच्या घरी खोली भाड्याने घेतात आणि आपण वादक आहोत असं सांगतात. आत दरोड्याचा बेत चाललेला, बाहेर ऐकू जावी म्हणून बोकेरिनी या जुन्या संगीतकाराची रेकॉर्ड लावलेली, आणि आजी दर थोड्या वेळाने चहा हवा का विचारायला दार वाजवते. ही कथा कुठल्याही वाड्यात घडू शकते. आजी झालेल्या केटी जॉन्सनना या कामासाठी बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला. त्यांचा चेहरा नीट बघा. हसवायला म्हणून त्या काहीही करत नाहीत. आपलं घर, आपले पोपट, आपली शिस्त, एवढंच त्यांना ठाऊक. या सगळ्या सिनेमांची जान तीच आहे. पात्रं आपापल्या कामात गंभीर असतात, हसायचं काम आपल्याकडे.

दुसऱ्या दिवशी 1949 चा 'पासपोर्ट टू पिमलिको'.

नवलखा_नाईट

मी 21 वर्षांचा आहे, म्हणून तुमच्या मोठ्या भाच्याच्या बाजूने लिहितो. मावशी, थांबवून समजावू नका, प्लीज. इंग्रजी सबटायटल लावा आणि गप्प बसा. मी हॉस्टेलमध्ये 'व्हिस्की गलोर' मोबाइलवर पाहिला. युद्धकाळात बेटावरची व्हिस्की संपलीय आणि नेमकं व्हिस्कीने भरलेलं जहाज किनाऱ्याजवळ रुततं, एवढीच गोष्ट. 1941 साली स्कॉटलंडच्या एरिस्के बेटाजवळ खरंच असं जहाज फुटलं होतं, हे मला नंतर कळलं. आधी कुणी सांगितलं असतं तर मी ते धडा म्हणून पाहिलं असतं.

'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स' मात्र फक्त मोठ्याला दाखवा. गिनेस त्यात एकाच घराण्यातले आठ जण साकारतो, ते अफाट आहे. पण शेवटाकडे एका बालगीतात काळ्या लोकांसाठीची शिवी येते. त्यावर तेवढं बोला, तिथे गप्प बसू नका.

घाटातली_गाडी

'द टिटफील्ड थंडरबोल्ट' विसरू नका, 1953 चा. गावकरी आपली बंद होणारी छोटी रेल्वे स्वतः चालवायला घेतात. वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेवरून हे सुचलं होतं, तिथे स्वयंसेवकांनी खरोखर तसं केलं. इंदूरजवळच्या घाटातल्या पातालपाणी–कालाकुंडच्या गाडीत बसलेल्या मुलांना वेगळं काही सांगावं लागणार नाही.

रामबागची_मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन झाले, तुम्ही सांगितलेल्या क्रमाने.

लेडीकिलर्समध्ये दरोडेखोर पोपटामागे धावू लागले तेव्हा धाकटा सोफ्यावरून खाली आला तो शेवटपर्यंत जमिनीवरच बसून राहिला. पिमलिकोला खरी रंगली माझी आई. एका जुन्या सनदेवरून लंडनचा तो मोहल्ला बर्गंडीचा ठरतो, लोक रेशनकार्डं फाडतात आणि भुयारी रेल्वे अडवून पासपोर्ट तपासतात. आई म्हणाली, "आपल्या माळ्यावर होळकरांचा कागद निघाला तर रामबागेत आपणही नाका बसवू!" संस्थान 1948 मध्ये विलीन झालं त्याच्या गोष्टी मग तिने रात्री अकरापर्यंत सांगितल्या. मुलांनी त्या आधी कधी ऐकल्याच नव्हत्या.

व्हाइट सूट काल पाहिला. थांबवला नाही, काही बोललेही नाही. धुणं घेतलेली ती बाई आली तेव्हा मी पडद्याऐवजी मुलांकडे बघत होते. सोळा वर्षांची भाची सिनेमा संपल्यावर म्हणाली, "मावशी, यात वाईट कुणीच नाहीये. मग चूक कुणाची?" मला उत्तर देता आलं नाही. मी पेटीतून बाबांचा धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन, काढून तिच्या हातात दिला. तिने तो बराच वेळ धरून ठेवला. त्याची टोकं घासून गुळगुळीत झाली आहेत, ती बोटाने चाचपत होती. मग तिने आजोबांची पाळी किती वाजता सुरू व्हायची ते विचारलं.

त्या संशोधकाच्या नळ्यांचा बुडबुड असा तालातला आवाज येतो ना, धाकटा सकाळपासून तोंडाने तो काढत घरभर फिरतोय. आज रात्री व्हिस्की गलोर.