पुट्टीआधी पत्रा

गाडीच्या फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) पोच्यात सरळ पुट्टी (खड्डा भरायचा लगदा) भरून घासून टाका, असा सल्ला कुणी दिला तर तो कृपया पाळू नका. थर ३ मिमीच्या वर गेला की पुट्टी पुढे तडकते, नाहीतर सुटते.

आधी पत्रा जागेवर आणा. धडकेत सर्वांत शेवटी पडलेली घडी आधी उघडायची, म्हणजे कडेचा उंचवटा. मधला खड्डा नंतर. आतून डॉली (हातात धरायचा जड धातूचा ठोकळा) खड्ड्याला दाबून धरा आणि बाहेरून हातोडी शेजारच्या उंचवट्यावर हलकी मारा. थेट डॉलीवरच ठोकत राहिलात तर पत्रा पातळ होऊन ताणतो आणि अंगठ्याने दाबला की टक्-टक् आत-बाहेर होतो. हा दोष कुठल्याही पुट्टीने जात नाही. सपाटी डोळ्यांपेक्षा तळव्याला नीट कळते; पातळ फडक्यावरून हात फिरवून बघा.

मग पोच्याभोवती २-३ इंचांपर्यंत रंग ८० नंबरच्या सँडपेपरने काढा. पुट्टीत मिसळायचा हार्डनर (ती कडक करणारे रसायन) साधारण तिच्या वजनाच्या २ टक्के: १०० ग्रॅमला २ ग्रॅम. जास्त झाला तर रंगावर डाग उमटतो, कमी पडला तर पुट्टी चिकट राहते. ४-५ मिनिटांत ती घट्ट होऊ लागते, म्हणून थोडी थोडीच कालवा. पुट्टी पाणी शोषते, त्यामुळे कोरडीच घासा: ८०, १८०, मग ३२०. त्यावर प्रायमर.

जुन्या गाडीत ठोकाठोकीने आतल्या बाजूचा रंगही उडतो. तिथे गंजरोधक प्रायमर मारायलाच हवा. गंज बहुधा तिथूनच सुरू होतो.